जीपची बॅटरी कुठे बसवावी?

कुणकेश्वरला देवळाजवळ एक झकास मॉडिफाय केलेली जुनी जीप दिसली. बॉनेटखाली मोठं इंजिन, त्यामुळे बॅटरी मागच्या सीटखाली. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर. खाऱ्या हवेत तो लवकर चढतो.

बॅटरी हलवणार असाल तर:

🔋 सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

🔋 मागे नेली की केबल लांबते, व्होल्टेज पडतं, स्टार्टर कण्हतो. केबल जाड घ्या. बॅटरीलगतच स्टार्टरचा करंट झेपेल असा फ्यूज लावा.

🔋 लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद पेटीला बाहेर जाणारी नळी हवीच.

🔋 क्लॅम्प घट्ट, टर्मिनलला पेट्रोलियम जेली.

तुमच्या गाडीत बॅटरी कुठे आहे? शंका असल्यास बिनधास्त विचारा.