आजचा सामना सुटू दे, खेळ सुटायला नको



शाळेच्या स्पर्धा सुरू झाल्या की आपल्या कबड्डीवाल्या मुली पहाटेच्या एसटीनं तालुक्याला जातात. निवड झाली तर पुढे जिल्हा, मग विभाग, मग राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. मुलगी जितकी पुढे जाते, तितके सामने वाढतात आणि समोरच्या मुलीही तयारीच्या असतात. म्हणून दुखापतीचं बोलणं चांगल्या खेळणाऱ्या मुलींच्या आयांनी आधी ऐकावं.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या मुलीचा गुडघा सामन्यात मुरगळला. तिनं तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. का, असं विचारल्यावर म्हणाली, "सांगितलं असतं तर खेळ बंद केला असता." आम्ही सगळ्या गप्प बसलो. कारण खरंच केला असता.

आता हा मार लागतो कसा, ते बघू. चढाई करणारी एकटी असते, समोर सात जणी. पळता पळता ती गर्रकन वळते, पाय जमिनीत रुतलेला राहतो आणि गुडघा पिळला जातो. कधी "खट्" आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो, चालताना पाय लचकतो. ही गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची दुखापत असू शकते. वयात आलेल्या मुलींना ती मुलांपेक्षा जास्त होते. पकड करणारीचं बोट, खांदा आणि डोकं सापडतं. परदेशात रग्बी नावाचा असाच अंगावर जाण्याचा खेळ आहे. तिथंही सर्वांत जास्त दुखापती पकडीच्या वेळीच होतात.

डोक्याच्या माराकडे आपण फार दुर्लक्ष करतो. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. मुलगी गोंधळली, गरगरतंय म्हणाली, उजेड सहन होईना, तोच तोच प्रश्न विचारू लागली, गुण किती झाले ते आठवेना, तर ती त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही. रग्बीत जगभर हाच नियम आहे. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. पुन्हा पुन्हा उलटी, फिट, जागं करूनही न उठणं, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर तिला हातापायाला धरून उचलू नका. आहे तिथंच, न हलवता ठेवा.

गुडघा किंवा घोटा सुजला तर पहिले दोन दिवस मालिश नको, गरम शेक नको, आंबेहळदीचा गरम लेपही नको. त्यानं सूज वाढते. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नसेल तर गार पाण्याची ओली पट्टी चालेल. पाय उशीवर उंच ठेवा. पायावर भार देता येत नसेल किंवा सांधा वाकडा दिसत असेल, तर हाड बसवणाऱ्याकडे न जाता हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

दुखापत टाळताही येते. इंग्लंडमधल्या शाळांत रग्बी खेळणाऱ्या मुलांनी सरावाआधी तोल सांभाळणं, उडी मारून हलकं उतरणं, मांड्या आणि मान बळकट करणं असे व्यायाम आठवड्यातून तीनदा नेमानं केले. त्यांच्या सामन्यातल्या दुखापती बऱ्याच कमी झाल्या. याला पैसा लागत नाही. एका पायावर उभं राहणं, अर्ध्या बैठका, उडी मारून उतरताना गुडघे आत न वळू देणं, हे अंगणातही होतं.

आणि ताटाकडे बघा. महाराष्ट्रात १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. सामन्याच्या दिवशी उपाशीपोटी गेलेली मुलगी लवकर थकते, आणि थकलेलं पाऊल चुकीचं पडतं. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे-गूळ, अंडं, जे घरात असेल ते मुलाइतकंच मुलीलाही वाढा. पाळी महिनोन्‌महिने येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यानं हाडंही कमकुवत होतात.

स्पर्धेआधी गटातल्या दोघी-तिघींनी मिळून शाळेतल्या सरांना किंवा बाईंना विचारा: मैदानावर दगड-खडे आहेत का? बर्फ आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? मार लागला तर दवाखान्यात कोण नेणार?

घरी मुलीला मात्र एवढंच सांगा: "दुखलं तर सांग. त्या दिवशीचा सामना थांबेल, तुझा खेळ थांबणार नाही." हा शब्द दिला तर पाळाही. नाहीतर पुढच्या वेळी ती आपल्यालाही सांगणार नाही.