दुसऱ्याच्या विडीचा धूर कसा मोजतात?

थंडीच्या दिवसांत आमच्या देवपुरांत पांझरेकडून गार वारा येऊं लागला म्हणजे दारें-खिडक्या बंद होतात. अशा घरांत कोणी विडी ओढली, तर कांहीं वेळानें वास विरतो आणि मंडळींना वाटतें कीं, धूर गेला. परंतु नाक हें विश्वासू मापारी नव्हे.

विडींत तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य, असा समज आहे. मुंबईचे एल. डी. संघवी यांनीं हॉफमन व वाइंडर या अमेरिकेंतील संशोधकांसमवेत १९७४ सालीं भारतीय विडी व अमेरिकन सिगारेट यांच्या धुराचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. त्यांत कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक बेंझोपायरीन हीं विडीच्या धुरांत अधिक आढळलीं.

तेथें झुरके घेतले यंत्रानें. शेजाऱ्याच्या वांट्याचा धूर मात्र निराळा. सिगारेटीच्या बाबतींत त्याचा मोठा भाग दोन झुरक्यांच्या मधल्या वेळांत धुमसत्या टोंकापासून निघतो. तेथें उष्णता कमी व ज्वलन अपूर्ण. म्हणून कित्येक सेंद्रिय विषें अधिक उत्पन्न होतात.

तीं मोजण्यासाठीं खोलींत लहान पंप ठेवितात. मिनिटाला २ लिटर हवा ओढली, तर ८ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर, हवा गाळण-कागदांतून जाते. बेंझोपायरीन धरून ठेवणारे कण कागदावर अडकतात. बेंझीनची वाफ मात्र निसटते. तिच्यासाठीं कोळशाच्या भुकटीची निराळी नळी लावून हवा फार सावकाश ओढावी लागते. मग प्रयोगशाळेंत एकेक पदार्थ वेगळा करून त्याचें वजन मायक्रोग्रॅममध्यें, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशांत, काढितात.

परंतु बेंझीन मोटारीच्या धुरांतही असतें, बेंझोपायरीन चुलीच्याही. मग दोष तंबाखूचाच कशावरून? यासाठीं निकोटीनची साक्ष घेतात. कारण घरच्या हवेंत तें सहसा तंबाखूवांचून येत नाहीं. शरीरांत त्यापासून कोटिनीन बनतें व लघवींत उतरतें. विडीला कधीं न शिवलेल्या बालकाच्या लघवींत तें सांपडलें, तर बहुधा दुसऱ्या कोणाचा धूर त्याच्या अंगांत गेला, असें समजतें.

ही मोजणी निव्वळ कुतूहल नव्हे. जपानांत हिरायामा यांनीं धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची पाहणी करून १९८१ सालीं दाखविलें कीं, पति जितका अधिक ओढणारा, तितका पत्नीस फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक. निरुपद्रवी अशी मात्रा आढळलेली नाहीं.

सार्वजनिक ठिकाणीं २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानास बंदी आहे. उंबरठ्याच्या आंत मात्र तो कायदा येत नाहीं. तेथला नियम घरांतील वडील मंडळींनींच घालावयाचा, आणि प्रथम आपण पाळावयाचा.