शेंडा खुडल्यावर मुळाला काय कळतं?

निपाणीच्या आसपासच्या काळ्या रानात विडीच्या तंबाखूला कळ्या दिसू लागल्या की शेंडा खुडतात. काही दिवसांतच पानांच्या बेचक्यांतून फुटवे डोकावतात. तेही काढावे लागतात, आणि एकदा काढून भागत नाही. ज्या मुलांच्या घरी तंबाखू आहे त्यांनी हे काम लहानपणापासून पाहिलेलं असतं. संप्रेरकं, जलवाहिन्या, रिक्तिका हे पुस्तकातले शब्द याच कामात भेटतात.

शेंड्याच्या कोवळ्या भागात ऑक्झिन हे संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं. प्रत्येक पानाच्या बेचक्यात फांदीचा डोळा असतो. वरून ऑक्झिन येत असेपर्यंत तो सहसा फुटत नाही. १९३० च्या दशकात थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर खालचे डोळे दबलेलेच राहिले. पुढे २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांनी आणखी एक कारण दाखवलं: वाढता शेंडा साखर स्वतःकडे ओढतो. तो गेला की ती साखर डोळ्यांना मिळते आणि ते जागे होतात. तंबाखूच्या एका बेचक्यात एकापेक्षा जास्त डोळे असतात. एक फुटवा मोडला की दुसरा तयारच असतो, म्हणून पुन्हा पुन्हा रानात जावं लागतं.

फूल आणि बी धरायचं थांबलं की अन्न पानांकडे वळतं. पान जाड होतं, वजन धरतं. पण मला सर्वांत नवल वाटतं ते मुळाचं. निकोटिन पानात साठतं खरं, पण तयार होतं मुळात. १९४२ मध्ये डॉसन या शास्त्रज्ञांनी याचं सुंदर प्रमाण दिलं. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचं कलम बांधलं तेव्हा पानांत निकोटिन जवळजवळ आलंच नाही. उलट तंबाखूच्या मुळावरच्या टोमॅटोत ते भरपूर आलं. मुळातून ते जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर वर चढतं आणि पानाच्या पेशींतल्या रिक्तिकांत साठतं. शेंडा तुटला की वरून येणारं ऑक्झिन घटतं, जखमेची वर्दी देणारं जास्मोनेट वाढतं, आणि मूळ जास्त निकोटिन बनवू लागतं. कुरतडणाऱ्या किड्याच्या चेतासंस्थेवर घाव घालणारं हे झाडाचं हत्यार आहे.

माणसालाही ते सोडत नाही. दवानं भिजलेल्या हिरव्या पानांतलं निकोटिन पाण्यात उतरून कातडीतून अंगात शिरतं आणि पानं तोडणाऱ्याला मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. म्हणून दव सुकल्यावरच तोडणीला लागावं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

म्हणून मुलांनी शेंडा खुडण्याचा प्रयोग करायचा तर तंबाखूऐवजी तुळशीवर करावा. सारख्या वाढीची दोन रोपं घ्या, एकाचाच शेंडा खुडा आणि रोज बेचके पाहा. तुळशीची पानं समोरासमोर असतात, त्यामुळे खुडलेल्या जागेखाली फुटवे बहुधा जोडीनं येतील.