पुडीतली नावं आणि सुटलेली रीत

दिवाळीच्या आठवड्यात किराणा दुकानाच्या फळीवर उटण्याच्या पुड्यांची चळत लागते. त्यातली एखादी पुडी उलटी करून मागची यादी सावकाश वाचावी. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद, जेष्ठमध, मंजिष्ठ, बावची, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल. संत्र्याची साल सोडली, तर यातली बरीच नावं आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांत भेटतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे पन्नास गट आहेत. वर्ण सुधारणाऱ्या 'वर्ण्य' गटात चंदन, पद्मक, वाळा, जेष्ठमध, मंजिष्ठा आणि सारिवा आहेत. खाजेवरच्या 'कंडूघ्न' गटात कडुनिंब, करंज, मोहरी, दारुहळद आणि नागरमोथा येतात. त्वचारोगांवरच्या 'कुष्ठघ्न' गटात खैर, हिरडा, आवळा, हळद, बहावा यांच्या पंगतीला चक्क बिब्बाही बसलेला आहे.

बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर काय होतं, हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. फोड येतात, कातडी सोलून निघते. तरीही तो त्वचेच्या औषधांत आहे, कारण ग्रंथकारांना द्रव्याचं शोधन, मात्रा, अनुपान आणि रुग्णाची प्रकृती हे सगळं गृहीत होतं. द्रव्याचं नाव ही त्यांच्या लेखी सुरुवात होती. खरा मजकूर ते द्रव्य वापरायच्या रीतीचा होता. आज बाजाराने नावं उचलली आणि रीत वगळली. या लेखातला आढावा आहे तो या सुटलेल्या रीतीचा.

तेल आधी, उटणं नंतर

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यात क्रम स्पष्ट दिला आहे: अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे उटणं, आणि शेवटी स्नान. तेल रोज लावावं, डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष लावावं. पण कफाचा त्रास असणाऱ्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच शरीरशुद्धीचे उपचार घेतलेल्याने लावू नये, असंही तिथेच बजावलं आहे. चरकाने तेल लावलेल्या शरीराला वंगण दिलेल्या आसाची उपमा दिली आहे. त्याच्या मते तेलाचा पहिला गुण टिकाऊपणा; कांती त्यानंतर.

या क्रमात उटण्याचं काम नेमकं आहे. कोरडं, किंचित भरड चूर्ण अंगावरचं जादा तेल शोषतं, चोळल्याने मृत त्वचा निघते आणि खाली तेलाचा पातळ थर उरतो. साबणाशिवाय स्वच्छता होते आणि त्वचा ओढल्यासारखी होत नाही. थंडीच्या तोंडावर येणाऱ्या सणाला अभ्यंगस्नानाची प्रथा जोडली गेली, यात त्वचेच्या दृष्टीने शहाणपण आहे. पण तेल न लावता नुसतं उटणं खसाखसा चोळलं आणि वर साबण फासला, तर कोरडी त्वचा अधिकच कोरडी होते. आज बहुतेक घरांत नरक चतुर्दशीला हेच घडतं, आणि तेही वर्षातून एकदाच.

लेप वाळू द्यायचा नाही

चेहऱ्याच्या लेपाचे नियम अष्टांगहृदयाच्या बाविसाव्या अध्यायात आहेत, आणि आजच्या सवयींना ते चांगलाच धक्का देतात. लेप तीन प्रकारचे: दोष हटवणारा, विष उतरवणारा आणि वर्ण सुधारणारा. जाडीही तीन मापांची: पाव, एक तृतीयांश किंवा अर्धा अंगुळ. वात-कफाच्या तक्रारीत लेप कोमट, इतर वेळी अगदी गार. लेप ओला असेपर्यंतच ठेवायचा. वाळलेला लेप त्वचा बिघडवतो, असं स्पष्ट विधान आहे. चुकून वाळलाच तर पाण्याने भिजवून काढायचा आणि नंतर तेल लावायचं. लेप असताना बोलायचं नाही, झोपायचं नाही, उन्हात किंवा चुलीपाशी जायचं नाही. सर्दी किंवा अजीर्ण असताना तो लावायचाच नाही.

मुलतानी मातीचा थर तडकेपर्यंत पंख्याखाली बसणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. सुकणारा थर त्वचेतलं पाणीही ओढून घेतो, हे आजचे त्वचारोगतज्ज्ञही सांगतात.

याच ठिकाणी सहा ऋतूंचे सहा लेप दिले आहेत. उन्हाळ्यात कमळाच्या जाती, दूर्वा, जेष्ठमध, चंदन. हेमंतात बोराच्या बीतला मगज, अडुळशाचं मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शरदात जेष्ठमध, तगर, अगरू. बारा महिने तेरा काळ चालणारा एकच 'आयुर्वेदिक फेसपॅक' या चौकटीत बसत नाही.

कढईतलं गणित

औषधी तेल म्हणजे तेलात पाला टाकून उकळणं, हा समज समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींनी पक्का केला आहे. शास्त्रातला स्नेहपाक हे मोजमापाचं काम आहे. सर्वसाधारण प्रमाण असं: वनस्पतींचा वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग आणि काढा, रस किंवा दूध असा द्रव सोळा भाग. मंद आच. शार्ङ्गधर या ग्रंथकाराने तर तेल-तूप एका दिवसात सिद्ध करू नये असं सांगितलं आहे. पाक मृदू, मध्यम आणि खर अशा तीन पायऱ्यांचा. अभ्यंगाच्या तेलाला खर पाक चालतो. तेल झालं हे ओळखायचं कसं? कल्काची बोटांत वात वळली पाहिजे, ती विस्तवावर टाकली तर तडतडता कामा नये आणि तेलावर फेस आला पाहिजे.

तडतड थांबली म्हणजे पाणी संपलं. पाणी उरलेलं तेल लवकर बिघडतं. घरी ताज्या पाल्यात मुरवलेल्या तेलाला काही दिवसांत वास येतो, तो यामुळेच. शिवाय वनस्पतींतले काही घटक पाण्यात उतरतात, काही तेलात. हळदीतला कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो.

कुंकुमादि तेलाची आज मोठी चलती आहे. पाठ केशराचा, जोडीला चंदन, लाख, मंजिष्ठा, जेष्ठमध, तिळाचं तेल आणि शेळीचं दूध. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुलं खुडावी लागतात. स्वस्तातल्या बाटलीत केशर किती असेल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

किनाऱ्यावरची तेलं

ग्रंथांबाहेरही एक परंपरा आहे आणि ती कोकण-गोव्यात अजून जिवंत आहे. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं स्निग्ध काढतात आणि त्याचे गोळे वळतात. ते भिरंडेल, म्हणजेच मुठेल, भेगाळलेल्या टाचांवर आणि फुटलेल्या ओठांवर लावतात. साध्या हवेत ते घट्ट राहतं आणि अंगाच्या उष्णतेने विरघळू लागतं. परदेशी क्रीमच्या डब्यांवर 'कोकम बटर' म्हणून मिरवतं ते हेच. किनाऱ्यावरच्या उंडीचं तेल दिव्याला, होड्यांना आणि अंगदुखीला वापरात होतं. जगाच्या बाजारात तेच 'तमानू ऑइल' या नावाने महाग विकलं जातं.

सर्वांत मोठी कथा कडू कवठीची. सुश्रुताने पश्चिम समुद्राच्या काठी वाढणाऱ्या 'तुवरक' वृक्षाच्या, म्हणजे याच कडू कवठीच्या, बियांचं तेल कुष्ठावर सांगितलं आहे. याच कुळातलं चालमोगरा तेल एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य वैद्यकात गेलं. पण ते पोटात घेतलं की मळमळे आणि टोचलं तर दाट असल्याने शरीरात पसरत नसे. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्याचं टोचता येण्याजोगं रूप तयार केलं. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला आणि काही काळ श्रेय दुसऱ्याच्याच नावावर राहिलं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत कुष्ठरोगावर याच तेलाचा आधार होता.

प्रयोगशाळेची साक्ष

बावचीचं बी कोडावर, ऊन घेण्याच्या जोडीने, वापरत आले आहेत. त्यातले सोरालेन त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करतात. सोरालेन आणि अतिनील किरणांचा एकत्र उपचार १९७० च्या दशकात आधुनिक त्वचाविज्ञानात रुजला. म्हणूनच बावची असलेलं उटणं लावून उन्हात फिरणं धोक्याचं आहे. त्याच बीमधला बाकुचिओल हा घटक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९६६ मध्ये प्रसिद्धीला आणला. २०१९ मध्ये ब्रिटनच्या त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकात ४४ जणांवरचा बारा आठवड्यांचा अभ्यास आला. सुरकुत्या आणि डाग कमी करण्यात बाकुचिओल रेटिनॉलच्या तोडीचा ठरला आणि आग व साल निघणं कमी झालं. अभ्यास लहान आहे, पण आशादायक आहे.

हळदीचं प्रकरण न्यायाच्या अंगाने गाजलं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि नियतकालिकं पुढे केली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

सगळ्याच साक्षी परंपरेच्या बाजूने नाहीत. मोहरीच्या तेलाने त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत होतं, असं २००२ मधल्या प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं. उलट ढाक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयातले जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सूर्यफूल आपल्या ग्रंथांत नाही. तेल कोणतं निवडावं, हे परंपरेच्या वयावरून ठरत नाही.

कायदा आणि लेबल

औषध की प्रसाधन, हा वाद मराठी उद्योगाने लढवला आहे. पेंढरकर कुटुंबाची विको १९५२ ची. त्यांची हळदीची क्रीम अबकारी खात्याला प्रसाधन वाटत होती, कंपनीला आयुर्वेदिक औषध. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. सामान्य ग्राहकाला मात्र हा भेद अजून ठाऊक नसतो. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात शास्त्रोक्त पाठाचं औषध वेगळं, कंपनीने स्वतः जुळवलेलं 'प्रोप्रायटरी' औषध वेगळं आणि प्रसाधन वेगळं. डब्यावर पानाफुलांचं चित्र तिन्हींवर सारखंच असतं.

या गोंधळात खरा धोका गोरेपणाच्या हव्यासातून येतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण वाढल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यातले बरेच जण पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो.

शेवटी निवाडा द्यायचा तर असा: जुन्या त्वचोपचारांत सर्वांत भरवशाचं काय, तर तेल आणि ते लावण्याची नियमितता. वनस्पतींपैकी काहींची बाजू प्रयोगांनी बळकट झाली आहे, काही अजून कसोटीला उतरायच्या आहेत, आणि एकही आठ दिवसांत रंग बदलत नाही. तेव्हा यंदा बाटली घेताना परवाना क्रमांक पाहा, शास्त्रोक्त तेल असेल तर ग्रंथाचं नाव छापलंय का ते पाहा, आणि उत्पादकाचा पत्ता नसलेली गोरेपणाची क्रीम घरात आणू नका. नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. तान्ह्या बाळाच्या अंगावर डाळीचं भरड पीठ चोळू नका. आणि अभ्यंग एका पहाटेपुरतं ठेवू नका. थंडी सरेपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी, आधी तेल आणि मग उटणं, एवढी रीत पाळा.