गोळी नसली तरी दारू खरीच

सॅम पेकिनपा यांच्या ‘कॉन्व्हॉय’ (१९७८) या ट्रकचालकांवरच्या चित्रपटात शेवटी पुलावर मशीनगन धडधडते, टँकरचा भडका उडतो आणि ट्रक नदीत कोसळतो. नायक मात्र ठणठणीत! असे प्रसंग बघताना आपण नको तिथे दचकतो आणि खरा धोका असतो तिथे निर्धास्त राहतो.

गैरसमज : टाकीला गोळी लागली की स्फोट होतोच.
वस्तुस्थिती : साध्या गोळीने टाकीला भोक पडतं आणि इंधन गळू लागतं, एवढंच. पेट घेते ती इंधनाची वाफ. तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली आणि ठिणगी मिळाली तरच. त्यात ट्रक चालतात डिझेलवर. ते साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफच धरत नाही. पडद्यावरचा आगडोंब आधीच पेरलेल्या स्फोटकांचा असतो.

गैरसमज : केबिनच्या दाराआड लपलं की वाचलो.
वस्तुस्थिती : रायफलची गोळी दाराचा पत्रा सहज भेदते. आडोसा घ्यायचाच तर इंजिनाचा घ्यावा. पत्र्यावर फुलबाजीसारख्या उडणाऱ्या ठिणग्याही करामतच. शिसं-तांब्याच्या गोळीने त्या तशा उडत नाहीत.

गैरसमज : बाराबोरचा बार लागला की माणूस मागे फेकला जातो.
वस्तुस्थिती : तसं असतं तर जवळपास तेवढाच धक्का खांद्याला बसून बंदूक चालवणाराही उडाला असता.

गैरसमज : ब्लँक काडतूस निरुपद्रवी असतं.
वस्तुस्थिती : खरी मेख इथेच आहे. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू असते. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्याने सेटवर गमतीत ब्लँक भरलेलं रिव्हॉल्वर कानशिलाला लावून चाप ओढला. त्या स्फोटाच्या दणक्याने कवटी फुटली आणि काही दिवसांनी तो गेला. १९९३ मध्ये ‘द क्रो’ चित्रपटाच्या चित्रीकरणात अभिनेता ब्रँडन लीचा जीव गेला तो वेगळ्याच रीतीने. जवळून दाखवण्यासाठी वापरलेल्या डमी काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. नळी नीट तपासली गेली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक उडाला आणि त्याच्या दारूने ती गोळी बाहेर फेकली. २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर तर रिव्हॉल्वरमध्ये खऱ्या गोळीचं काडतूस निघालं आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स त्यात बळी पडल्या.

म्हणून जाणती मंडळी नळी माणसावर रोखू देत नाहीत. ती जराशी बाजूला धरायची आणि समोर रोखल्याचा भास कॅमेऱ्याच्या कोनातून साधायचा. अनेक ठिकाणी आता ब्लँकही टाळतात. नळीच्या तोंडची आग संगणकावर चढवली जाते.