हे खरे आहे काय?

परभणीहून मनमाडच्या दिशेनं निघालं की पेडगावचं छोटं रेल्वे स्थानक लागतं. भोवती काळी जमीन, तिच्यावर कापूस, सोयाबीन, तूर. इथल्या माणसाला सरकारकडून काही हवं असेल तर त्याची वाट ठरलेली असते: ग्रामपंचायत, तलाठी, तहसील, जिल्हा परिषद. प्रत्येक ठिकाणी अर्ज, प्रत्येक ठिकाणी पोच, आणि बहुतेक वेळा तिथंच मुक्काम. या वाटेला समांतर आणखी एक वाट आहे आणि तिची माहिती गावात फार थोड्यांना असते. त्या वाटेनं गेलेल्या प्रश्नाला राज्याच्या मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर छापून कायमचं जपलं जातं. ही वाट म्हणजे विधिमंडळातला प्रश्न. आपल्या लोकशाहीतलं सर्वांत साधं आणि सर्वांत कमी वापरलं गेलेलं हत्यार हेच, असं माझं ठाम मत आहे.

त्याची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, पेडगावसारख्या गावाच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. आमदारानं तो विषय तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न म्हणून दिला, तर तो साधारण असा छापला जातो: ‘(1) परभणी जिल्ह्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, त्यामुळे रुग्णांना उपचारासाठी परभणी येथे जावे लागत आहे, हेही खरे आहे काय, (3) असल्यास, सदर पद भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हा नमुना मी केलेला आहे, पण शेकडो खरे प्रश्न याच साच्यात बसतात.

साचा रुक्ष वाटतो, पण तो विचारपूर्वक घडलेला आहे. पहिल्या भागात मंत्र्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. हो म्हटलं की तिसरा भाग मानगुटीवर बसतो: मग केलं काय? काही केलं नसेल तर चौथा भाग कारण मागतो. उत्तरांचेही साचे आहेत. ‘होय’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’, ‘कार्यवाही सुरू आहे’. पहिल्या भागाला ‘नाही’ म्हटलं की पुढचे सगळे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत मिटतात. म्हणून सगळा जीव पहिल्या भागात असतो. पदाचं नाव, केंद्राचं नाव, महिना, आकडा यातलं काही चुकलं की उत्तर ‘नाही’ येतं आणि डॉक्टर नसलेला दवाखाना कागदावर ठणठणीत होतो. हा नेमका तपशील आमदाराच्या मुंबईतल्या खोलीत तयार होत नाही. दवाखान्याच्या दारात ताटकळलेल्या माणसाकडे तो असतो.

मुंबईला गेलेला प्रश्न परत गावातच येतो. विधानमंडळ सचिवालयानं तो स्वीकारला की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तिथून आरोग्य उपसंचालक, जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, आणि अखेर ज्या केंद्राबद्दल विचारलंय त्याच केंद्राच्या टेबलावर. कचेऱ्यांत त्याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेचा प्रश्न) म्हणतात. एलएक्यू आला म्हटलं की बाकीची कागदपत्रं बाजूला सरतात, रात्री उशिरापर्यंत संगणक चालू राहतात. अनेकदा उत्तर सभागृहात वाचलं जाण्याआधीच रिकामी जागा तात्पुरती भरलेली असते, कारण ‘कार्यवाही केली आहे’ असं लिहिता यावं अशी खात्याची इच्छा असते. पत्रकारितेत याची दखल घेतली जात नाही. गदारोळाची बातमी होते, या शांत धावपळीची होत नाही.

या लेखातले आरोग्य, क्रीडा आणि पोलीस-तुरुंग हे तिन्ही विषय मुळात राज्याचे आहेत. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पोलीस दुसऱ्या क्रमांकावर, तुरुंग चौथ्या, सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं सहाव्या, आणि खेळ तेहतिसाव्या नोंदीत. न्यायदानाची व्यवस्था 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेली. पेडगावच्या रुळांबद्दल विचारायचं तर दिल्लीला विचारावं लागतं; छत्रपती संभाजीनगर ते परभणी या मार्गाच्या दुहेरीकरणाला 2025 च्या जुलै अखेरीस मंजुरी मिळाली ती केंद्रीय मंत्रिमंडळाकडून. पण पेडगावच्या दवाखान्याचं, शाळेच्या मैदानाचं आणि परभणीच्या पोलीस ठाण्याचं उत्तर मुंबईनं किंवा हिवाळ्यात नागपूरनं द्यायचं असतं.

आरोग्याच्या प्रश्नात एक अडचण हमखास येते. राज्यात आरोग्याची खाती दोन. ग्रामीण दवाखाने, उपकेंद्रं, उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. दोन्हींचे मंत्री वेगळे. परभणीकरांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठा लढा दिला. सह्यांची मोहीम झाली, आंदोलनं झाली, आणि 2023 मध्ये 100 जागांचं शासकीय महाविद्यालय सुरू झालं. आनंदाचीच गोष्ट. पण असं महाविद्यालय निघालं की जिल्ह्याचं मोठं रुग्णालय त्याच्याशी जोडलं जातं आणि उत्तर देणारा मंत्री बदलतो. खेड्यातल्या केंद्रातून परभणीला पाठवलेल्या बाळंतिणीची हेळसांड झाली तर निम्मा प्रश्न एका मंत्र्याला आणि निम्मा दुसऱ्याला. ‘हा विषय या विभागाशी संबंधित नाही’ हे उत्तर मग खरंही असतं आणि निरुपयोगीही. जाणता आमदार अशा वेळी दोन प्रश्न देतो. मैदानी भागात 30 हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांमागं एक उपकेंद्र हा शासनाचाच निकष आहे. तो पहिल्या भागात मांडला की ‘नाही’ म्हणायची सोय राहत नाही.

परभणी जिल्ह्यात विधानसभेच्या जागा चार: जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी. जिंतूरच्या मेघना बोर्डीकर 2024 च्या डिसेंबरात राज्यमंत्री झाल्या, सार्वजनिक आरोग्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. जिल्ह्याला मान मिळाला. पण मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. त्यामुळं विचारणारे उरले तिघे, आणि त्यांच्यावरचं ओझं वाढलं.

न्यायाच्या बाबतीत मात्र परभणीनं साऱ्या महाराष्ट्राला विचार करायला लावला. 10 डिसेंबर 2024 ला परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण होता.  15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. दुसऱ्याच दिवशी नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. विरोधकांनी विषय लावून धरला आणि 20 डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत उत्तर दिलं: मारहाण झाल्याची तक्रार त्यानं दंडाधिकाऱ्यांपुढं केली नव्हती, चित्रीकरणात मारहाण दिसत नाही, त्याला श्वसनाचा आजार होता, न्यायालयीन चौकशी केली जाईल. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळं बसलेला धक्का हे कारण नोंदलं होतं.

आपल्या काळातलं सभागृहातल्या उत्तराचं सर्वांत जड उदाहरण मला हेच वाटतं. पुढं त्या तरुणाच्या आईनं उच्च न्यायालयात दाद मागितली. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 30 जुलैला तिथंही तो आदेश कायम राहिला. आता सभागृहातलं उत्तर आणि न्यायालयाचा आदेश कुणालाही शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. ते उत्तर मंत्रालयातल्या एखाद्या बंद खोलीत दिलं गेलं असतं तर ही तुलनाच शक्य नव्हती.

कोठडीतला एक मृत्यू किती खात्यांत विभागलेला असतो तेही पाहा. अटक आणि पोलीस कोठडी गृहखात्याची. तुरुंगही गृहखात्याचाच, पण यंत्रणा वेगळी. कोर्टाच्या सोयी विधी व न्याय खात्याच्या. रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाचं. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी कुणी, किती वाजता केली, कागदावर काय लिहिलं, ही सगळी कडी आरोग्य आणि न्याय यांच्या सांध्यावर असते. प्रश्न तिथंच विचारायला हवा, आणि लवकर. कारण प्रकरण कोर्टात गेलं की ‘बाब न्यायप्रविष्ट आहे’ हे कुलूप लागतं. या नियमामागची भावना योग्य आहे. पण किती कोठड्यांत कॅमेरे चालू आहेत, किती पदं रिकामी आहेत, हे कोणत्याही खटल्याआड येत नाही. ते विचारता येतं आणि विचारलंच पाहिजे.

प्रश्न विचारायचा हक्क आपल्याकडे सहज आलेला नाही. 1892 च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सदस्यांना पहिल्यांदा प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. उत्तर ऐकायचं आणि खाली बसायचं. फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले हे सगळे मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्याच चौकटीत बोलले. 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न दिला, 1919 नंतर तो सर्वांना मिळाला. त्याच मुंबई कौन्सिलात 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडचा सत्याग्रह त्या ठरावाच्या अंमलासाठी होता. बाबासाहेब आंबेडकर 1928 मध्ये तिथंच गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. पेडगाव तेव्हा निजामाच्या राज्यात. रयतेला जबाबदार असणारं सरकारच नव्हतं, मग जाब कुणाला विचारणार? 1948 ला हैदराबाद मुक्त झालं, 1952 ला पहिली निवडणूक झाली, आणि परभणीचे आमदार आधी हैदराबादच्या सभागृहात, 1956 नंतर मुंबईच्या सभागृहात बसू लागले. मुंबईकरांच्या मानानं आपल्याला हा हक्क साठ वर्षं उशिरा मिळाला. मराठवाड्यानं तो वापरलाही जोमानं. कंधारचे केशवराव धोंडगे बोलायला उभे राहिले की मंत्री सावध होत, हे जुने लोक अजून सांगतात. मराठवाड्याबाहेर, सांगोल्यातून 11 वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख सभागृहात पूर्णवेळ बसत, आणि तसं बसल्याशिवाय उपप्रश्न सुचत नाही. मृणाल गोरे यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधानसभेत विधेयक मांडलं. 1988 मध्ये महाराष्ट्रानं त्यावर देशातला पहिला कायदा केला.

खेळाचा प्रश्न सर्वांत दुबळा. पदक आलं की अभिनंदनाचे ठराव होतात. हेलसिंकीत 1952 ला खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं, आणि ऑलिंपिकमधलं पुढचं वैयक्तिक पदक मराठी माणसाला पॅरिसला 2024 मध्ये मिळालं, स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीतून. बहात्तर वर्षं. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे धावपटू म्हणून घडला तो सैन्यात गेल्यावर. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान असावं असं लिहिलेलं आहे. जिल्ह्यातल्या किती शाळांना ते नाही, एवढं एकच विचारलं तरी खरं चित्र पुढं येईल. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा राखीव आहेत, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर त्या बळकावल्याची प्रकरणं मराठवाड्यातच उघडकीला आली. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोरीपोरांच्या तोंडचा घास होता तो. यावर दर अधिवेशनात विचारायला हवं.

प्रश्न विचारण्याची ही संस्था दुखावलेलीही आहे. 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेनं 11 सदस्यांना काढून टाकलं. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. 2020 च्या सप्टेंबरात करोनाचं कारण देऊन संसदेत प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. आपल्या सभागृहातही हा तास गोंधळात वाहून जातो तेव्हा मला राग येतो. छापील यादीतले बोटांवर मोजण्याइतकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांना लेखी उत्तरं मिळतात. घोषणा दोन्ही बाजूंच्या असतात, नुकसान डॉक्टर नसलेल्या गावाचं होतं.

मंत्र्यानं सभागृहात ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं. त्याची नोंद होते, ते 90 दिवसांत पुरं करायचं असतं, आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पण समितीला आठवण करून देणारं कुणीतरी लागतं. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या दिवशी आपल्या तालुक्याबद्दलची उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवता येतील. जिथं ‘होय’ लिहिलंय पण दवाखान्याचं दार बंद आहे, तिथं तारखेसह ठराव करून तो आमदाराला आणि समितीला पाठवता येईल. हिवाळी अधिवेशनाचे प्रश्न महिनाभर आधीच जमा होतात, म्हणजे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत केलेला ठराव त्या अधिवेशनाला वेळेत पोचतो.