खुळखुळ्यावरचा वाघ

दौलताबादच्या अंधारीतून जाऊन आलेल्या माणसाला एक वेळ यादवांचा इतिहास आठवणार नाही, पण तिथली वटवाघळे आठवतातच. बहुतेक लहान वटवाघळांचे जेवण म्हणजे किडे आणि पतंग. मग पतंगांनी जगावे कसे?

त्याचे एक उत्तर दख्खनच्या माळावर दिवसाढवळ्याही उडताना दिसते. पांढरे पंख, त्यांवर लाल-काळे ठिपके. पंख पसरले तर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. हा टायगर मॉथ, म्हणजे वाघपतंगांच्या कुळातला. शास्त्रीय नाव युटेथिसा पुल्केला. लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली.

याला दाट जंगल लागत नाही. उघडा, कोरडा माळ आणि त्यात उगवलेला खुळखुळा, हे त्याचे घर. खुळखुळा हा आपल्या तागाचाच रानटी भाऊबंद. वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात, म्हणून हे नाव. या झाडात अल्कलॉइड जातीचे विष असते; गुरांनी फार खाल्ले तर यकृत बिघडते. सुरवंट मात्र तेच खातो आणि विष अंगात साठवतो. पुढे पंखांवरचे भडक ठिपके सांगतात, 'मला खाऊ नका.'

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आयस्नर यांनी याच्या तिकडच्या चुलतभावावर प्रयोग केले. विष साठवलेला पतंग जाळ्यात अडकला, तर कोळ्याने धागे तोडून त्याला सोडून दिले. विषाविना वाढवलेला मात्र खाऊन टाकला. मीलनाच्या वेळी नर हे विष मादीला देतो आणि ती अंड्यांना. आईबापांनी लेकरांसाठी ठेवलेली हीच इस्टेट! वाघपतंगांच्या इतर कित्येक जाती तर वटवाघळाचा आवाज ऐकून उलट टिकटिक करतात. तोही इशाराच.

आम्ही शायरांनी पतंगाला शमेवर जळणारा परवाना करून टाकले. औरंगाबादच्या सिराजांच्या तर नावाचाच अर्थ दिवा. पण हा परवाना मरायला नव्हे, जगायला निघालेला असतो, आणि त्याला दिव्यापेक्षा खुळखुळा हवा असतो. झुडूप गेले की विष गेले. विष गेले की ठिपके नुसतीच नक्षी.

तागाच्या पिकात अळी पडली तर शेतकऱ्याने बंदोबस्त करावा, हे रास्तच. पण गुरे चरत नाहीत अशा पडीक जागेतले तण पेटवण्याआधी एखादी वाळकी शेंग हलवून पाहा. वाजली, तर तेवढे झुडूप राहू द्या.